कार्डाच्या पाठीवरची शेपटी

बालवर्गाची मावशी दिवसभर नक्की करते काय, असं या दिवाळी अंकाच्या संपादक ताईंनी मला विचारलं. मी म्हटलं, "नाकं पुसते." त्या हसल्या. "मग तेच लिहा," म्हणाल्या.

पण नुसती नाकं पुसून इतकी वर्षं जात नाहीत. डबे उघडून द्यायचे आणि कुणाचा डबा कुणाच्या पोटात जातोय त्यावर लक्ष ठेवायचं. बुटाच्या लेसला ओली गाठ बसली की दातांनी सोडवायची. एका ट्रॉलरवाल्या बापानं मला बजावलं होतं, "मावशी, माझ्या पोरीनं इंग्लिशमधून विचारल्याशिवाय तिला बाथरूमला न्यायची नाय." मी मान हलवली आणि त्या पोरीला वर्षभर न विचारताच नेलं. चार वर्षांच्या पोटाला भाषा कळत नाही. एक आजोबा नातवाला सोडायला आले ते महिनाभर वर्गाच्या खिडकीखाली बसून राहिले. नातू दुसऱ्याच दिवशी रमला होता. मी रोज अकरा वाजता आजोबांना पाण्याचा पेला नेऊन द्यायची आणि सांगायची, "आज रडला नाही हां." ते म्हणायचे, "माझ्यावरनं विचारलंन काय काही?" मी म्हणायची, "विचारलं की." एवढं खोटं चालतं, असं मला वाटतं.

ही कामं मला चांगली जमतात, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण याच वर्गात माझ्या हातून दुसरंही एक काम झालं. त्याबद्दल आजवर मी फक्त एकाच माणसाशी बोलले आहे. ताईंना मी आधी नाही म्हणून कळवलं होतं, ते त्यामुळंच. लिहायचं तर तेच लिहावं लागेल आणि ते सोडून लिहिलं तर बाकीचं सगळं खोटं वाटेल, अशी भीती होती. लिहिण्यात चूकभूल असेल. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली आहे.

मी सांगोल्याकडची. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून दप्तर तिथंच राहिलं. लग्नानंतर मालकांना मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही इकडं आलो. इथं मी तोंड उघडलं की लोक माझ्याकडं बघायचे. मासेवालीला मी "व्हय" म्हटलं की ती बाजूच्या बाईला कोपर मारून म्हणायची, "आयकलंस काय गो? व्हय!" तेव्हापासून मी बाजारात नुसती बोटं दाखवायला लागले.

आमच्या भाड्याच्या खोलीला लागून लिमये टीचरांचं घर होतं. त्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाला शिकवायच्या. वाडीतली पोरं माझ्या पायरीवर येऊन बसतात, हे त्यांनी कुंपणापलीकडून पाहिलं होतं. एकदा म्हणाल्या, "शालन, आमच्या वर्गाला बाई हवी आहे. येशील का?"

"मला इंग्रजी येत नाही टीचर."

"मुलं चार वर्षांची आहेत. त्यांना तरी कुठे येतंय?"

मुख्याध्यापिकांनी मला एकच प्रश्न विचारला, "इंग्रजी अक्षरं ओळखता ना?" मी घाईनं म्हटलं, "ओळखते." ओळखायची खरी, पण एकेकटी. चार एकत्र आली की ओळख मोडायची. मुख्याध्यापिका माझ्याकडं बघत राहिल्या तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या लिमये टीचर म्हणाल्या, "मॅडम, माझ्या जबाबदारीवर घ्या." नोकरी मिळाली ती अशी. ज्या खोलीत आधी एका पगारात महिना ओढायचो, तिथं मुलाला दूध सुरू झालं. टीचरांचे उपकार किती, ते यावरून समजून घ्यावं. त्या स्वतः तेव्हा कायम नव्हत्या. दर मार्चमध्ये पुढच्या वर्षाचं पत्र येईपर्यंत त्यांचाही जीव टांगणीला असायचा.

आता ते काम सांगते. इंग्रजीत काही शब्दांतला आवाज आखूड असतो, काहींतला लांब. जहाज म्हणजे शिप, मेंढी म्हणजे शीप. मराठीत आपण पहिली-दुसरी वेलांटी लिहितो, चुकलो तर बाई लाल रेघ मारतात, पण बोलताना कुणाचं काही अडत नाही. पाण्यातली 'णी' ओढून म्हटली काय, तोडून म्हटली काय, तहान भागतेच. इंग्रजीत तसं नसतं. तिथं आवाज आखूड झाला की मेंढीचं जहाज होतं. आपल्या मुलांच्या कानाला याची सवय नसते, म्हणून टीचर ते खेळातून शिकवायच्या. आखूड आवाजाला चुटकी वाजवायची. लांब आवाजाला परकराचं इलॅस्टिक दोन हातांत धरून ताणायचं. पांढऱ्या पुठ्ठ्याची साठ कार्डं होती, त्यांवर टीचरांनी स्वतः काढलेली चित्रं. पिन, फिश, लिप, बुक. ट्री, लीफ, बूट, मून. आणि तांदूळ धुवायच्या बांबूच्या दोन रोवळ्या. मुलानं कार्ड उचलायचं, शब्द म्हणायचा आणि आखूड असेल तर डाव्या रोवळीत, लांब असेल तर उजव्या रोवळीत टाकायचं. जहाजाचं चित्र बघून मिरकरवाड्याची पोरं ओरडायची, "लाँच! लाँच!" टीचर म्हणायच्या, "हो रे बाबांनो, लाँचच. पण आज तिला शिप म्हणू या."

खेळ संपला की कार्डांचे दोन गठ्ठे करून ठेवायचं काम माझं. आखूड वेगळे, लांब वेगळे. म्हणजे दुसऱ्या दिवशी टीचरांना दोन्हींतली मोजून घेता यायची.

मला ते जमायचं नाही. मला दोन्ही एकच ऐकू यायचं. पहिल्यांदा गठ्ठे चुकले तेव्हा टीचर हसल्या, "अगं, बूट या घरात कसा शिरला?" दुसऱ्यांदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ऐक. शिप. शीप. कळला फरक?"

"कळला."

कळला नव्हता. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. त्या नुसतं बघून गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. अक्षरं ओळखते म्हणाले होते. टीचरांच्या जबाबदारीवर आले होते.

मग मी एक युक्ती काढली. एकदा टीचरांनी स्वतः गठ्ठे लावले होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दार लोटलं आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक खूण केली. आखूड आवाजाला पहिली वेलांटी, लांब आवाजाला दुसरी. नुसती वेलांटी, पुढं-मागं अक्षर नाही. बुक आणि मूनलाही वेलांटीच काढली. मला कुठं व्याकरण मांडायचं होतं? मला गठ्ठे लावायचे होते.

त्यानंतर माझं एकही कार्ड चुकलं नाही. टीचर म्हणाल्या, "बघ, कान तयार झाला की नाही तुझा!" मी पदरानं तोंड पुसलं.

वर्गात जोया नावाची एक मुलगी होती, बारीक, सारखी काहीतरी उलटं करून बघणारी. पाण्याची बाटली उलटी करून तळ बघायची, खुर्ची उलटी करून स्क्रू बघायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी कार्डं मांडत होते तेव्हा ती माझ्या मांडीशी येऊन बसली.

"मावशी, याची शेपटी इकडे. याची तिकडे."

मी पटकन कार्डं सुलटी केली. मी म्हटलं, "श्श. टीचरला नाही हां सांगायचं. आपली गंमत."

तिनं तोंडावर बोट ठेवून मान डोलावली. चार वर्षांच्या मुलीला मी टीचरपासून लपवायला शिकवलं. या सगळ्यातली हीच गोष्ट मला अजून सर्वांत जास्त टोचते, मग पुढचं काहीही असो.

टीचरपासून लपलं, पण मुलांपासून कसं लपणार? पंधरा दिवसांत साऱ्या वर्गाला शेपट्या कळल्या. उचललेलं कार्ड मुलं हळूच तिरकं करायची आणि टाकायची. डावीकडं, उजवीकडं, टपाटप. टीचरांना चित्राची बाजू दिसायची, पाठ माझ्याकडं असायची. टीचर म्हणायच्या, "आधी म्हणा, मग टाका." मुलं काहीतरी पुटपुटायची. इलॅस्टिक खणात जाऊन पडलं, ते कुणी मागेना. मुलांनी आवाज ऐकायचं सोडून दिलंय हे मला दिसत होतं. खोडरबर माझ्याच कनवटीला असायचा. पण खुणा पुसल्या तर माझे गठ्ठे पुन्हा चुकले असते.

आणि टीचर इतक्या खूश होत्या! संध्याकाळी कुंपणावरून मला हाक मारायच्या, "शालन, आज एकही चुकलं नाही गं. मोठ्यांना जमत नाही ते ही पोरं करतायत." त्यांनी ते मुख्याध्यापिकांना सांगितलं. मुख्याध्यापिकांनी संस्थेत सांगितलं. संस्थेनं ठरवलं की पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका गणपतीपुळ्याला येणार आहेत, त्यांना हा वर्ग दाखवायचा आणि त्यांचं मत बघून टीचरांना कायम करायचं. टीचरांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून साडीच्या पदराला पिन लावत होत्या. "सात वर्षं वाट बघत्ये मी याची," म्हणाल्या.

त्या दिवशी मुलांना मी सकाळीच दोनदा बाथरूमला नेऊन आणलं. पाहुण्या बाई साध्या होत्या, केस पांढरे, पायात कापडी बूट. मागच्या खुर्च्यांवर मुख्याध्यापिका आणि संस्थेचे दोघे बसले. मी दारापाशी पाण्याचा जग घेऊन उभी. टीचरांनी आपली कार्डं मांडायला घेतली तेव्हा पाहुण्या बाई हसून म्हणाल्या, "या कार्डांची त्यांना सवय असेल. मी माझी आणली आहेत." आणि त्यांनी पिशवीतून मोठी, चकचकीत कार्डं काढली. टीचर आनंदानं म्हणाल्या, "हो, हो, अवश्य!"

पहिला मुलगा उठला. त्यानं कार्ड उचललं आणि लगेच पालथं केलं. पाठ कोरी. तो कार्ड हातात धरून उभाच राहिला. दुसऱ्या मुलीनं उचललं, तिनंही पालथं केलं. तिसऱ्यानंही. मागं कुणीतरी हसलं. पाहुण्या बाई वाकून विचारायला लागल्या, "बेटा, चित्र इकडे आहे. तिकडे काय शोधतोस?" तेवढ्यात जोया उभी राहिली. तिनं कार्ड उलटसुलट केलं आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडं बघून मोठ्यानं विचारलं, "मावशी, याला शेपटी का नाय?"

मग मुख्याध्यापिका उठल्या, कपाटाजवळ गेल्या, आमच्या कार्डांचा गठ्ठा घेतला आणि पहिलं कार्ड पालथं केलं. मग दुसरं.

"लिमये, हे काय आहे?"

टीचरांनी कार्ड हातात घेतलं आणि वेलांटीकडं बघितलं. मी रोज त्यांच्या हजेरीपटाजवळ किराण्याची यादी लिहीत बसायची, माझी वेलांटी त्यांना ओळखता येणारच होती. त्यांनी मान वर केली. आमची नजरानजर झाली, एवढासा वेळ. मला वाटलं, आता त्या माझं नाव घेतील. खरं सांगायचं तर घ्यावं असं वाटत होतं, म्हणजे मला स्वतःहून बोलायला लागलं नसतं.

"माझीच खूण आहे मॅडम," टीचर म्हणाल्या. "गठ्ठे लावायला सोपं जावं म्हणून."

"आणि मुलांना ती माहीत आहे?"

"ते माझ्या लक्षात आलं नाही."

संस्थेच्या दोघांतले एक जण म्हणाले, "छान. मुलांना कॉपी करायला बालवर्गापासूनच शिकवताय." टीचरांची मान खाली गेली. मला तीनच शब्द म्हणायचे होते. 'मी केलं, मॅडम.' तेवढं मराठी मला येत होतं. माझ्या हातातला जग ओला होता, तो निसटेल म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि नुसती उभी राहिले.

पाहुण्या बाईंनी जाताना टीचरांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा काही उपयोग झाला नाही. टीचर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "खिडक्या लावून घे." त्या गेल्यावर मी साठही कार्डांच्या खुणा पुसल्या. पेन्सिल दाबून धरलेली होती, म्हणून पुसल्यावरही वळ राहिले.

मार्चमध्ये त्यांना पत्र आलं नाही. एप्रिलच्या शेवटी त्यांनी कपाट आवरलं, पिशवी मी रिक्षापर्यंत नेली. रोवळ्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुला तांदूळ धुवायला होतील." अजून आहेत त्या. तांदूळ धुते त्यांत. लाज वाटते म्हणून चांगली वस्तू फेकून देणं मला तेव्हा परवडणारं नव्हतं आणि पुढं सवय झाली.

मे महिन्यात एक दिवस मी कुंपण ओलांडून गेले. टीचर ओटीवर हाताला तेल लावून फणस सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या म्हटलं, "टीचर, ते मी केलं होतं."

"माहीत आहे." त्यांनी चार गरे ताटलीत टाकून माझ्यापुढं सरकवले. "का केलंस?"

"मला फरक कळत नव्हता."

"मग मला विचारायचंस की."

"भ्याले."

"कुणाला? मॅडमना?"

"तुम्हाला."

त्यांचा हात थांबला. त्या दिवशी वर्गात इतकं झालं तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला भ्यालीस? मला?" मी काय सांगणार? ज्यांनी आपल्याला उभं केलं, त्यांना आपण मूर्ख दिसू, याच्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटली नव्हती. हे आज लिहिता येतंय. तेव्हा मी गऱ्यातली आठळी काढत बसले.

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. "कान सोडून दे. माझ्या तोंडाकडे बघ. शीप." त्यांचे ओठ हसल्यासारखे दोन्हीकडं ताणले गेले. "आता शिप." ओठ तसेच सैल राहिले. "तू म्हण. गालाला हात लावून म्हण."

मी गालाला हात लावून म्हटलं. ओठ ताणले. मग सैल सोडले. शिप. शीप. पिन. लीफ. मला कळलं. फणसाचा अर्धा भागही सोलून झाला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं ते.

मी रडायला लागले. म्हटलं, "उद्याच शाळेत जाते. मॅडमना सगळं सांगते."

टीचरांनी सुरी खाली ठेवली. "आता नको. तुझी जाईल आणि माझी काही परत येणार नाही."

मी "नाही, सांगतेच" असं म्हणायला हवं होतं. पण त्यांनी 'नको' म्हटलं आणि छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं मला हलकं वाटलं. घरी आले, भाकरी केली, पोटभर जेवले. पोटभर जेवले, याचीसुद्धा मला लाज वाटते.

टीचर वर्षभर घरी शिकवण्या घेत होत्या, मग देवरुखला गेल्या. मी शाळेतच राहिले. मुख्याध्यापिका निवृत्त होऊन लेकाकडं गेल्या. संस्थेतले ते दोघेही आता नाहीत. आता बालवर्गात भिंतीवर मोठा टीव्ही आहे, तोच आवाज काढतो आणि मुलं त्याच्यामागून म्हणतात. नव्या टीचर मुली चांगल्या आहेत. एकीला मी परवा म्हटलं, "तो ओमकार शीप म्हणताना ओठ ताणत नाही, बघा." ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला किती कळतं हो!" मी डबे गोळा करायला गेले.

जोया मला अधूनमधून भेटते. कॉलेजला जाते, फोनवर सफाईनं इंग्रजी बोलते. मी एकदा धीर करून विचारलं, "तुला त्या शेपट्या आठवतात का गं?" ती म्हणाली, "कसल्या शेपट्या, मावशी?" आणि हसत स्कूटीवर बसून गेली. मला आधी बरं वाटलं. मग वाटलं, आता हे खरंच दोघींनाच माहीत आहे, आणि त्यांतली एक कधीच सांगणार नाही.

संपादक ताईंना हो म्हणण्याआधी मी देवरुखला फोन लावला. टीचरांचा आवाज थकलेला होता, पण मी म्हटलं, "शालन बोलते," तशा लगेच म्हणाल्या, "बोल गं." मी सगळं सांगितलं. लिहू का, असं विचारलं.

मग म्हणाल्या, "लिही. माझं नाव तेवढं बदल. लोक अजून विचारतात, शाळा का सोडलीत. मला परत त्या चौकशा नकोत."

"आणि माझं?"

"ते मी कसं सांगू? तुझं तू ठरव."

तेव्हा लिमये हे त्यांचं आडनाव नाही. शाळेचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. जोयाचंही बदललं आहे. मी शालन काटे. त्या खुणा मी केल्या होत्या. लिमये टीचरांनी मुलांना काहीही चुकीचं शिकवलं नव्हतं.

माझी नोकरीची दोन वर्षं अजून बाकी आहेत. शाळेत येणारे दिवाळी अंक स्टाफरूमच्या टेबलावर मीच मांडते. हाही मांडीन.